मलबार टेकडीमागचा मेरू

समस्त लहानथोर मुंबईकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पृथ्वी वाटोळी आहे. ही बातमी इतर देशांत फार पूर्वीच पोहोचली होती असे ऐकतो. आमच्या गिरगावातल्या गच्चीवर ती पोहोचायला मात्र दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे लागले. तिला हाताला धरून जिना चढवण्याच्या कामी प्रस्तुत लेखकाचा कॅमेरा, बऱ्याच काचा, मानेची एक शीर आणि होती नव्हती तेवढी अब्रू खर्ची पडली. ज्यांना पृथ्वीच्या आकाराशी काही कर्तव्य नाही त्यांनीही ही हकीकत वाचावी. तिच्यात पापडही आहेत.

मी धंद्याने फोटोग्राफर. गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचे, मागून त्याच्या डोक्याला लोखंडी चिमट्याचा आधार द्यायचा, "हलू नका, बोलू नका, काही क्षण मेलो असं समजा" म्हणून बजावायचे, आणि तसबिरीत तो खरोखरच मेल्यासारखा आला की "काय भारदस्त दिसताय!" म्हणून ती त्याच्या हातात द्यायची, हा आमचा व्यवसाय. मागच्या पडद्यावर मी स्वतः रंगवलेला राजवाडा होता. त्याचे खांब एका बाजूला कलले होते. तो दोष माझा नसून राजाचा आहे, असे मी गिऱ्हाइकांना सांगत असे.

या धंद्यात खरा कारागीर मी नव्हे, सूर्य. पण सूर्य हा फोटोग्राफरचा सासरा आहे. त्याच्या जिवावर संसार चालतो, आणि तो घरात येऊन बसला की पंचाईत होते. उघडे ऊन तोंडावर पडले की डोळ्यांच्या जागी खळगे दिसतात आणि नाकाखाली दुसरी मिशी उगवते. आम्हाला हवा असतो तो आभाळाचा नुसता उजेड, मऊ, दुधासारखा. म्हणून फोटोग्राफर गच्चीवर काचघर बांधतो. त्याचे उत्तरेकडचे छप्पर काचेचे करतो, आणि बाकीच्या सगळ्या बाजू बंद ठेवतो. माझ्याजवळच्या विलायती पुस्तकात मोठ्या अक्षरांत छापले होते की, उत्तरेच्या काचेतून सूर्य कधीही आत येत नाही. मी ते वाक्य वेदवाक्य समजून उत्तरेला जवळजवळ उभ्या उताराचे काचेचे छप्पर घातले. ते पुस्तक लिहिणाऱ्याने मुंबईचा जेठ महिना पाहिलेला नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

ती ध्यानात आणून दिली एका टकलाने. जेठातली सकाळ होती. एका कचेरीतले बडे अधिकारी पेन्शनीत निघाले होते, आणि त्यांच्याभोवती सगळी कचेरी माझ्या काचघरात दाटीवाटीने उभी होती. साहेबांनी मानाने पगडी काढून मांडीवर ठेवली. मी काळ्या चादरीत डोके घातले, बाहेर काढले, "आता हलू नका" म्हणालो आणि भिंगावरची टोपी काढली. त्याच क्षणी उत्तरेच्या काचेतून उन्हाची तिरीप शिरली आणि नेमकी साहेबांच्या टकलावर जाऊन बसली. तसबिरीत साऱ्या कचेरीच्या मधोमध एक कंदील पेटलेला दिसत होता, आणि त्या कंदिलाला मिशा होत्या.

साहेब खवळले. "हे काय? मी आहे की गॅसबत्ती?" त्यांचा आवाज खाली पहिल्या मजल्यावर ऐकू गेला, आणि दादासाहेब जिना चढून वर आले.

दादासाहेब आमचे घरमालक. हायकोर्टात हेडक्लार्क होते. पेन्शन घेतल्यापासून त्यांच्याजवळ वेळ फार आणि शंका त्याहून फार. त्यांना टकलाशी काही देणेघेणे नव्हते. ते काचेजवळ उभे राहिले, कपाळावर हात धरून त्यांनी वर पाहिले आणि हळूच म्हणाले, "बापू, सूर्य उत्तरेला आलाय."

"आला खरा. माझं वाटोळं करायला आला."

"वाटोळं!" ते एकदम माझ्याकडे वळले. "तीच तर चूक करतात सगळे. अरे, पृथ्वी वाटोळी नाहीच. सपाट आहे. परातीसारखी. आणि उत्तरेला मेरू आहे. सूर्य त्या मेरूभोवती फिरतो. उत्तरायणात मेरूच्या जवळून लहान फेरा घालतो, म्हणून आपल्याला जवळ, म्हणून उन्हाळा. दक्षिणायनात लांबून मोठा फेरा घालतो, म्हणून थंडी. आणि मेरूच्या आड गेला की रात्र. तुझ्या या काचेनं आज ते सिद्ध केलं!"

"पण दादासाहेब, सूर्य मावळतो तो..."

"मावळतो कुठला! आड जातो. तू गिरगावात राहतोस ना? रोज संध्याकाळी सूर्य कुठे जातो?"

"मलबारच्या टेकडीमागं."

"टेकडीत बुडतो का?"

"नाही. आड जातो."

"झालं तर मग!" दादासाहेबांनी असा हात उडवला की जणू माझे अपील कोर्टाने फेटाळले.

आता वाचक मला हसतील. पण गिरगावच्या माणसाने जन्मभर सूर्य समुद्रात पडताना पाहिलेला नसतो हे त्यांनी लक्षात घ्यावे. आमच्या पश्चिमेला टेकडी आहे. आमचा सूर्य संध्याकाळी चांगला हातभर वर असतानाच बंगल्यांच्या मागे निघून जातो. ज्याला उशाशीच असा मेरू मिळाला आहे, त्याने मोठ्या मेरूवर विश्वास ठेवला तर नवल काय? शिवाय दिवस लहानमोठे होणे, उन्हाळा, हिवाळा, माझ्या काचेतून घुसलेले ऊन, अशा साऱ्यांचा उलगडा दादासाहेबांनी एका दमात केला होता. विलायती पुस्तकाला त्यातली एकही गोष्ट सांगता आली नव्हती.

तळमजल्यावर नाना मास्तर राहत. शाळेत गणित शिकवत. त्यांनी हे ऐकून कपाळावर हात मारला. "अहो दादासाहेब, आपले जुने ज्योतिषीसुद्धा पृथ्वी गोल धरूनच ग्रहणं सांगत आले. तुमच्या देवघरातलं पंचांग गोल पृथ्वीवर चालतं!"

"पंचांग चालतं, म्हणून पृथ्वी गोल? माझं घड्याळही चालतं, म्हणून काय पृथ्वीला काटे आहेत?"

मास्तर चिकाटीचे. पौषात त्यांनी आम्हा दोघांना संध्याकाळी गच्चीवर उभे केले. सूर्य टेकडीच्या पार डाव्या टोकाला, समुद्राच्या बाजूला उतरत होता. "जेठात तो उजव्या टोकाला जात होता की नाही, बापू?" मी मान डोलावली. काचघराच्या फटीतून येणारी संध्याकाळची तिरीप वर्षभरात भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकते, हे मला पडदे ओढून ओढून पाठ झाले होते. मास्तर म्हणाले, "तुमचा मेरू उत्तरेला. मग सूर्यानं बाराही महिने उत्तरेकडेच आड जायला हवं. हा दक्षिणेकडे कलून का जातोय?"

दादासाहेबांनी टेकडीकडे पाठ केली. मग म्हणाले, "मेरू लांब आहे."

पुढे मास्तरांनी आणखी दोन-तीन शंका काढल्या. दर शंकेला मेरू थोडा रुंद, थोडा उंच किंवा थोडा वाकडा होत गेला. शेवटी तो इतका फोफावला की पृथ्वीवर दुसऱ्या कशाला जागा राहिली आहे की नाही, याची मला काळजी वाटू लागली.

हा सगळा वाद हवेतच राहिला असता. पण वैशाख उजाडला, आणि काकू वर आल्या.

काकू म्हणजे दादासाहेबांच्या पत्नी. घर दादासाहेबांच्या नावावर होते आणि काकूंच्या ताब्यात. एक गच्ची तेवढी त्यांच्या ताब्यातून निसटली होती, आणि ती निसटवणारा मी. काचघर बांधले तेव्हापासून त्यांना पापड वाळवायला जागा उरली नव्हती. सज्जात घातले तर कावळे नेत. खिडकीत घातले तर ताडदेवच्या गिरण्यांची काजळी बसे आणि पापडाला आपोआप मिरे लागत. त्या वर्षी त्यांनी पदर खोचून, दारात उभ्या राहून निकाल दिला.

"हे बघ बापू, तू मुलासारखा आहेस. पण तुझं हे काचेचं खुराडं आता उतरव. मला माझी गच्ची हवी."

काचघर म्हणजे माझे पोट. गिरगावात दुसरी गच्ची अशी कोण देतो? त्यातून काचघर उतरवले की निम्म्या काचा फुटतात, आणि खाली रस्त्यावर, भिंतीला टेकून तसबिरी काढणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसावे लागते. मी त्यांच्या मागोमाग वर आलेल्या दादासाहेबांकडे पाहिले. त्यांनी घसा साफ केला.

"काचघर हलणार नाही. शास्त्राचं काम चालू आहे."

"कसलं शास्त्र?"

"पृथ्वी सपाट आहे हे सिद्ध करायचंय. बापू कॅमेऱ्यानं करणार आहे."

हे मला नवीन होते. पण प्रसंग असा होता की दादासाहेबांनी 'बापू चंद्रावर चालला आहे' असे सांगितले असते तरी मी बांधाबांध करायला लागलो असतो.

"आणि सिद्ध झालं की?" काकूंनी विचारले.

"सिद्ध झालं तर काचघर कायमचं राहील. शास्त्राचं स्मारक म्हणून. नाही सिद्ध झालं, तर उतरवू आणि गच्ची तुझी. हा माझा शब्द."

काकूंनी माझ्याकडे एक नजर टाकली. "पृथ्वी गोल की सपाट, एवढंच ना? मग माझे पापड बघा. गोलही आहेत आणि सपाटही आहेत. भांडताय कशाला?" आणि त्या खाली गेल्या. आम्ही दोघा पुरुषांनी त्या बोलण्याकडे दुर्लक्ष केले. तेव्हापासून मात्र माझी पृथ्वी सपाट झाली. शास्त्राने नव्हे, पोटाने.

परीक्षा दादासाहेबांनीच काढली, आणि ती चांगली होती हे मला आजही कबूल करावे लागते. सूर्य जर बुडत नसेल, मेरूकडे नुसता लांब जात असेल, तर संध्याकाळी तो लहान दिसला पाहिजे. गिरगाव रस्त्यावर जवळची बत्ती मोठी दिसते आणि ठाकुरद्वारची बारीक, तसा.

"पण मावळताना तर तो मोठा दिसतो," मी म्हणालो.

"तो डोळ्याचा भ्रम. डोळा फसतो. कॅमेरा फसत नाही." हे वाक्य त्यांनी एवढ्या जोरात उच्चारले की मलाही खरे वाटले. माझा स्वतःचा कॅमेरा रोज माणसांना राजवाड्यात उभे करतो, हे मी त्या घटकेला विसरलो.

वैशाखात मुंबईत असा एक दिवस येतो की भर दुपारी उभ्या काठीची सावली उरत नाही. सूर्य नेमका डोक्यावर असतो. दादासाहेबांनी तो दिवस धरला. डोक्यावरच्या सूर्याची तसबीर काढायची तर कॅमेरा उताणा निजवावा लागतो, आणि कॅमेरा उताणा निजला की फोटोग्राफरलाही निजावे लागते. दोन उशा, एक लोड आणि मी असे गच्चीच्या तापलेल्या फरशीवर पसरलो. पाठीखाली तवा आणि डोळ्यांपुढे भट्टी. काळ्या चादरीतून माझे नुसते पाय बाहेर होते. काकूंनी जिन्यातून डोकावून पाहिले आणि मोलकरणीला हाक मारली, "अगं, कांदा आण! बापूला ऊन लागलं!"

त्याच संध्याकाळी चौपाटीवर जाऊन, सूर्य टेकडीला टेकायच्या आधी, दुसरी तसबीर घेतली. कॅमेऱ्यातल्या दोन्ही काचा धुऊन तसबिरी कागदावर उतरवल्या, आणि अहाहा! दुपारचा सूर्य टपोऱ्या बोराएवढा. संध्याकाळचा मसुराच्या दाण्याएवढा.

दादासाहेबांनी मला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले, पण ते काचघर वाचले म्हणून. दादासाहेबांनी लगेच नाना मास्तरांना आव्हान दिले की, दसरा झाला की गिरगावातल्या सभेत आपण दोन्ही तसबिरी पडद्यावर मोठ्या करून दाखवणार. मास्तर तसबिरी उलटसुलट करून पाहत राहिले. "मला समजत नाही," ते म्हणाले. त्यांच्यासारख्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मला झालेला आनंद आज आठवला की कान लाल होतात.

त्या उन्हाळ्यात काचघरात काही चमत्कारिक गोष्टी घडल्या, त्या इथेच सांगून टाकतो. जेठात उत्तरेच्या काचेतून दिवसभर ऊन येई. मी पडदे ओढून सकाळी थोडे काम करी आणि दुपारी ती भट्टी बंद करून घरी जेवून झोपे. परत यावे तर आत हिंगाचा वास. मी सकाळच्या गिऱ्हाइकांना दोष दिला. एकदा एक शेटजी पोझ घ्यायला मागे सरकले तर त्यांच्या जोड्याखाली काहीतरी कुरकुरून मोडले. मी म्हणालो, वाळकं पान असेल. एका नवऱ्यामुलाच्या तसबिरीत खुर्चीच्या पायाशी एक पांढुरकी चकती उमटली. ती काचेतला दोष समजून मी पेन्सिलीने घासून पुसून टाकली. रात्रंदिवस सूर्याच्या चकतीचा ध्यास घेतलेल्या या शास्त्रज्ञाने पायाखालच्या चकतीकडे एकदाही वाकून पाहिले नाही.

मग पाऊस लागला आणि वादातला मुख्य साक्षीदार चार महिन्यांच्या रजेवर गेला.

श्रावणात मंगळागौरीच्या सुना येतात. शालू, नथ, दागिने, आणि बरोबर सासू. त्या दिवशी जी सून आली तिच्या नथीचे मोती तांदळाएवढे नाजूक होते. मी टोपी काढली आणि नेमका ढग फाटला. पाण्याने निथळणाऱ्या काचेवरून एक झळक उसळून नथीवर पडली. तसबीर पाहून सासूबाई ताडकन उठल्या.

"हे काय? आमच्या नथीत मोती आहेत. कांदे नाहीत."

मी हसून म्हणालो, "बाईसाहेब, लख्ख उजेड काचेवर पसरतो. मोती जितका चमकेल तितका फुगतो. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच..."

वाक्य पुरे झाले नाही. तोंड उघडेच राहिले. सासूबाईंना वाटले मला झटका आला. एका अर्थी आलाच होता.

लख्ख उजेड काचेवर पसरतो! मोती फुगतो, टक्कल फुगते, मग भर दुपारचा सूर्य काय उपाशी राहतो? माझे दुपारचे बोर म्हणजे मसूरच होता. उजेडाने फुगलेला. संध्याकाळचा सूर्य धुरकट हवेतून मंद झालेला, म्हणून तो आपल्या मापात राहिला. शिकाऊ फोटोग्राफरलाही जी गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात, ती मी सूर्याच्या बाबतीत सपशेल विसरलो होतो. कारण विसरणे सोयीचे होते.

पुढे एका दुपारी आभाळ उघडले तेव्हा मी समईवर काचेचा तुकडा धरला, त्यावर दाट काजळी बसवली, तो भिंगापुढे लावला आणि पुन्हा उताणा पडलो. तसबिरीची काच धुतली. मसूर. दुसरी धुतली. मसूर. डाळीचे दुकान टाकावे इतके मसूर निघाले.

आता काय करावे? मला कोणी हरिश्चंद्र समजू नये. गप्प बसावे हाच माझा पहिला विचार होता आणि दुसराही तोच. पण नाना मास्तर सभेत उभे राहून "काजळीची काच लावली होती का?" एवढे एकच विचारतील, तर भर गिरगावात माझ्या धंद्याची शोभा होईल, आणि माझ्यामागोमाग दादासाहेबांची. आणि दादासाहेबांना तोंडावर सांगावे, तर काचघर उतरवायचे. ते शब्दाचे पक्के. सांगण्याचे धैर्य नाही आणि लपवण्याचेही नाही, अशा माणसाने काय करावे? मी सूर्यालाच पुढे केले.

"दादासाहेब," मी म्हणालो, "एक अडचण आहे. आपली मलबारची टेकडी मध्ये येते. सूर्य पुरता लांब जायच्या आतच ती त्याला झाकते. मास्तर सभेत हीच हरकत काढतील."

"मग?"

"दादरला जाऊ. माझी बहीण तिथं दिली आहे. समोर उघडा समुद्र. टेकडी नाही, काही नाही. तिथं सूर्य शेवटपर्यंत दिसेल. बारीक होत होत पार मोहरीएवढा होऊन जाईल. मास्तरांनाही नेऊ. त्यांच्या डोळ्यांदेखत."

दादासाहेब इतके खूष झाले की मला माझीच लाज वाटली. तीही फार वेळ टिकली नाही.

दसऱ्यानंतरच्या एका दुपारी आम्ही घोडागाडीने निघालो. दादासाहेब, मास्तर, कॅमेरा आणि मी. आणि काकू. "दादरला नारळ स्वस्त मिळतात," असे त्यांनी कारण दिले. पण त्या निकाल ऐकायला येत आहेत हे गाडीवानालाही कळले असेल. लालबाग-परळच्या गिरण्यांची धुराडी मागे पडली, नारळीच्या बागा लागल्या, आणि झाडांमधून एकदम समुद्र समोर आला. दादासाहेब गाडीतून उतरून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. पश्चिमेला काहीही आड नाही, हे दृश्य त्यांना नवीन होते.

वाळूत कॅमेऱ्याचे तिकाटणे रोवले. शेजारी दोरीवर बोंबील वाळत होते. त्यांची मालकीण कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कवनाचा फोटू?"

"सूर्याचा," दादासाहेब म्हणाले.

"अगो बाय! त्येचं पैसं कोन देल?"

मी भिंगाला काजळीची काच लावली. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर सूर्याचे लहानसे बिंब पडले. काळ्या चादरीत शिरून दादासाहेबांनी स्वतःच्या हाताने त्याच्या वर एक आणि खाली एक अशा दोन रेघा पेन्सिलीने ओढल्या. "हे आत्ताचं माप," ते आतून म्हणाले. "आता बघा कसा आकसतो ते."

मग आम्ही थांबलो. काकू मी दिलेला काजळीच्या काचेचा तुकडा डोळ्यांशी धरून बसल्या. थोड्या थोड्या वेळाने दादासाहेब चादरीत शिरत, मी कॅमेरा सूर्यामागे हलवत असे, आणि ते बिंब रेघांत धरून पाहत. ऊन पिवळे झाले. आम्ही काजळीची काच बदलून पातळ लावली. ऊन तांबूस झाले. काच काढूनच टाकली. दादासाहेब चादरीबाहेर यायचे थांबले.

"किती आहे?" मास्तरांनी अगदी हलक्या आवाजात विचारले.

सूर्य पाण्याच्या रेघेला टेकत आला. तेव्हा आतून आवाज आला, "बापू, हा वर चाललाय."

"भिंगाची खोड, दादासाहेब. काचेवर सगळं उलटं दिसतं. वर म्हणजे खाली."

मघापासून दोन रेघांत बसलेला तो सूर्य आता तसाच्या तसा, जरा बसका दिसत असेल तर असेल, पण केसभरही आकसलेला नाही, असा समुद्राच्या काठाशी आला होता. आणि मग काठ त्याला कापू लागला. सुरीने भाकरी कापावी तसा. पाऊण राहिला. अर्धा राहिला. अर्धा म्हणजे मोठ्या सूर्याचा अर्धा, लहान झालेला सूर्य नव्हे. आड जाणे आणि बुडणे यांत काय फरक असतो ते मलाही त्या दिवशीच कळले. मी तोवर कधी नीट पाहिलेच नव्हते. मी नेहमी गिऱ्हाइकांकडे पाहत आलो.

शेवटची तांबडी कोर गेली. दादासाहेब चादरीतून बाहेर आले. पगडी कलली होती, कपाळावरून घाम वाहत होता. मास्तर काही बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिले. ते वाळूकडे पाहत होते. मोठ्या मनाचा माणूस.

दादासाहेबांनी पगडी सारखी केली. "मास्तर," ते म्हणाले, "सभा होईल. मी बोलेन. जे पाहिलं ते सांगेन." मग माझ्याकडे वळले. "बापू, तुझ्या दुपारच्या काचेचं काय?"

"फुगली होती, दादासाहेब. नथीच्या मोत्यासारखी. श्रावणातच कळलं मला."

मला वाटले आता गर्जना होणार. पण ते थकल्यासारखे हसले. "म्हणून दादर," ते म्हणाले. "बरं झालं. सभेत कळलं असतं तर आपण दोघंही बुडालो असतो, या सूर्यासारखे." मग त्यांनी काठी वाळूत टेकली, हायकोर्टात उभे असावेत तसे ताठ झाले, आणि मी ज्याला वैशाखापासून भीत होतो ते बोलून टाकले. "शास्त्राचं काम संपलं. मी दिलेला शब्द मागे घेत नाही. उद्या सकाळी काचघर उतरवायला माणसं बोलाव. गच्ची काकूंची."

मी मान खाली घातली. माझे पोट, माझा कललेला राजवाडा, माझ्या काचा, सगळे त्या सूर्यामागोमाग पाण्यात चालले होते. त्या क्षणी येताना माझ्या बहिणीने दिलेले नारळ काकूंच्या ओच्यातून वाळूत गडगडले. नाकाच्या शेंड्याला काजळी लागलेल्या काकू उठून उभ्या राहिल्या आणि सारा किनारा ऐकेल अशा आवाजात ओरडल्या,

"अहो, खबरदार त्या काचघराला हात लावलात तर! दुपारी बापू झोपायला गेला की मी पापड वाळवायचे कुठं मग? कावळ्यांच्या पुढ्यात?"